नानांचा सीझन

डिसेंबर लागला की नाना, म्हणजे माझे सासरे, चोइथराम मंडीत जातात आणि मटाराचं पोतं घेऊन रिक्षातून उतरतात. "सूनबाई, माळव्याचा मटार! नुसती साखर!" असेल साखर. पण पोत्यात जवळजवळ निम्मी टरफलं असतात, आणि टरफलांचं काय करायचं हा प्रश्न इंदूरमध्ये हसण्यावारी नेता येत नाही.

आमच्याकडे कचरा सहा प्रकारचा असतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक. २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाच्या आईला निकालाआधी जे होतं, ते मला रोज सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की होतं.

मटार तरी बरा. गराडू आला की माझी खरी परीक्षा. पुण्याच्या नणंदेला गराडू म्हणजे काय हे सांगताना मी दमते. कोनफळाच्या कुळातला कंद, अंगावर माती, मुळांच्या मिश्या आणि आकार असा की सोलाणं कुठून लावावं ते कळू नये. सोलताना हातांना अशी खाज सुटते की बोलायची सोय नाही. नाना आरामखुर्चीतून सल्ला देतात, "हाताला तेल लाव." मी लावते. मग गराडू हातातून सटकून फ्रिजखाली जातो, आणि मी खाजऱ्या, तेलकट हातांनी झाडू शोधते. खरं तर सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गरमागरम गराडू मिळतो, वर जिरावण मसाला, लिंबू, सगळं. पण नानांच्या मते बाहेरचा गराडू हा गराडूच नव्हे.

तळून झाल्यावर मात्र तो इतका सुरेख लागतो की माझा राग पहिल्या घासाला पातळ होतो. (दुसऱ्या दिवशी सालं उचलताना तो परत घट्ट होतो.)

खाऊन झालं की सभा भरते. लिंबाची सालं ओल्यात, यावर सगळ्यांचं एकमत. तेलाने भिजलेला कागद? नवरा म्हणतो सुका, नाना म्हणतात, "ओला झालाय ना? मग ओला." टूथपिक नानांनी "झाडापासूनच झालीय" म्हणून ओल्यात टाकली. सकाळी गाडीवरच्या दीदीने ती नेमकी शोधून चिमटीत धरली आणि सगळ्या गल्लीसमोर विचारलं, "भाभीजी, ये गीले में?" नाना तेवढ्यात पूजेला बसले होते.

बाकीचे मोसमही काही दयाळू नाहीत. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस. कीस वाटीभर, पानं आणि बुरकुंडं बादलीभर. दिवाळीच्या आसपास सीताफळं, त्यात खायचं किती आणि थुंकायचं किती! उन्हाळ्यात आंबे, कोयी नाना डब्यात टाकूच देत नाहीत, कुंडीत लावतात. आमच्या बाल्कनीत आमराईचा बेत आहे.

मध्यंतरी नानांना कुणीतरी सांगितलं की देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्लँटमध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करता येतो आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. झालं! तेव्हापासून पोत्याचा आकार वाढला. मी कुरकुरले की म्हणतात, "अगं, बस बंद पडतील."

परवा आम्ही राजवाड्याला निघालो तर नाना कंडक्टरला गंभीरपणे समजावू लागले की ही गाडी आमच्या मटाराच्या टरफलांवर चाललीय, तेव्हा निदान अर्धं तिकीट लावा. कंडक्टरने पूर्ण तिकीट फाडलं आणि म्हणाला, "दादाजी, छिलके का पास नहीं बनता."

नाना रागाने एक स्टॉप आधीच उतरले. तिथे एक बाई ओल्या हरभऱ्याच्या जुड्या विकत होती, देठ-पाल्यासकट. नानांनी सगळी टोपलीच घेतली.