‘पाणी दिलं की ऊन काय करतंय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी ऊन आणि पाण्याचा ताण पिकावर एकत्र कसे येतात ते लिहिलं होतं, आणि तुम्हाला ते पटलं नाही. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. उन्हाळा दरवर्षी येतो, त्यात नवं काही नाही. हंगामाचा पाऊस सरासरीइतका झाला तर त्या वर्षाला दुष्काळी म्हणणं ही उगाच रडारड. पाणी वेळेवर दिलं की ऊन काही करू शकत नाही. आणि ‘दुपारी कामं थांबवा’ हा सल्ला सावलीत बसून लिहिणाऱ्याचा. शेवटी तुम्ही लिहिलंत की तीस वर्षं शेती करताना माना टाकलेली ज्वारी पाण्यानंतर दोन दिवसांत पुन्हा ताठ उभी राहिलेली तुम्ही पाहिली आहे.

ज्वारीचं तुम्ही सांगता ते अगदी खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तिच्या पानावर मेणाचा थर असतो, मुळं खोल आणि दाट जातात, ताण पडला की ती पानं गुंडाळून घेते आणि वाढ जवळजवळ थांबवते. ओल मिळाली की पुन्हा चालू लागते. थोडक्यात, तिला वाट पाहता येते. पण तीसुद्धा कधीही आणि कितीही थांबू शकते असं नाही. पोटरीत असताना (कणीस अजून पानांच्या आवरणात असताना) आणि निसवताना, म्हणजे ते बाहेर पडताना, ताण बसला तर नंतर कितीही पाणी द्या, ताटं हिरवी दिसतील, कणसात दाणे कमीच भरतील. आणि मक्याला तर हे थांबणं जमतच नाही.

मक्याचं एक कणीस हातात घेऊन बघा. कणसाला जितके दाणे धरायचे असतात तितकेच केस बाहेर येतात. एका दाण्याला एक केस. बुडाकडचे केस आधी निघतात, शेंड्याकडचे सगळ्यात शेवटी. तुऱ्यातला पराग मात्र आपल्या वेळेला झडून मोकळा होतो आणि तापलेल्या कोरड्या हवेत काही तासांतच निकामी होतो. पाण्याचा ताण असला की तुरा जवळपास वेळेवर येतो, पण केस लांबतात, कारण केसाची वाढ पाण्याच्या जोरावरच होते. मग होतं काय, शेवटचे केस बाहेर येऊन उभे राहतात आणि तोवर शेतात परागच उरलेला नसतो. सोलल्यावर दिसतं ते कणीस शेंड्याला बोडकं, मधे दातपडक्या हिरडीसारखं. मी अशी कणसं सोलली आहेत. बाहेरून पान गच्च, हाताला भरल्यासारखं लागतं, आणि आत चार बोटं नुसता बुरकुंडा, दाण्याविना. ही चूक आठ-दहा दिवसांत घडून गेलेली असते. पुढे महिनाभर चांगला पाऊस पडला तरी ते दाणे परत येत नाहीत.

म्हणून मी हंगामाच्या बेरजेवर विश्वास ठेवत नाही. बेरीज सांगते किती पडलं, कधी पडलं ते सांगत नाही. दोन शेतांवर सारखाच पाऊस झाला, पण एकाला तो फुलोऱ्याआधी आणि दाणे भरताना मिळाला, दुसऱ्याला उगवणीच्या वेळी धो-धो आणि मग थेट काढणीला मिळाला, तर कागदावर दोघांचं वर्ष सारखंच दिसेल. खळ्यात ते सारखं असेल का?

आता ‘पाणी दिलं की झालं’ या मुद्द्याकडे येते. खरं सांगायचं तर हे लांबलचक उत्तर त्याच्यासाठीच लिहिते आहे, कारण हा समज फार जणांचा आहे.

पीक फक्त खालून सुकत नाही, वरूनही सुकतं. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं शंभरातलं पंचाण्णवाहून जास्त पाणी पानांतून वाफ होऊन निघून जातं. ते किती वेगाने जाणार हे हवा ठरवते. हवा तापली की तिची पाण्याची भूक वाढते, प्रत्येक अंशामागे साधारण ७ टक्क्यांनी. दोन दिवस घ्या, एक ३० अंशांचा आणि एक ४० अंशांचा. दोन्ही दिवशी आर्द्रता ३० टक्केच आहे असं धरा. तरीही दुसऱ्या दिवशी हवेची पानावरची ओढ पावणेदोन पटीच्या घरात जाते. त्यात वारा सुटला तर विचारायलाच नको. कडक उन्हाच्या दिवशी भर वाढीतल्या पिकाखालून ८ मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. ८ मिलिमीटर ऐकायला चिमूटभर वाटतं, पण एका हेक्टरवर त्याचे ८०,००० लिटर होतात, आणि तेही एकाच दिवसात.

जमिनीत ओल असूनही मुळांना एवढं पाणी एवढ्या वेगाने वर पोचवता येत नाही. तुम्हीही पाहिलं असेल, पाटात पाणी वाहत असतं आणि दुपारी दोनला भोपळ्याची पानं लोळलेली असतात, संध्याकाळी आपोआप उभी राहतात. खाली पाणी नाही म्हणून ती लोळत नाहीत, वरची मागणी झेपत नाही म्हणून लोळतात. अशा वेळी झाड पानावरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटून घेतं. पाणी वाचतं, पण ज्या दारातून पाणी बाहेर जातं त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो. दार लावलं की अन्न तयार होणं मंदावतं. शिवाय घाम थांबल्यासारखं होऊन पान तापतं. म्हणजे उपासही घडतो आणि तापही चढतो.

दादा, इथे तुमची बाजूही मांडते. पाणी मिळालेलं पीक स्वतःला हवेपेक्षा काही अंशांनी थंड ठेवू शकतं, त्यामुळे पाणी देणं हा उन्हावरचा मोठा उपाय आहेच. माझं म्हणणं इतकंच की तो पुरा पडत नाही.

दोन उदाहरणं देते, दोन्ही ओलिताखालच्या पिकांची. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या १९७९ ते २००३ या काळातल्या नोंदी तपासून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भात पाण्यात उभा होता, टंचाईचा प्रश्न नव्हता. तरी कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एका अंशाने वाढलं की उत्पादन साधारण १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. दिवसभर कमावलेलं झाड रात्री श्वसनात खर्च करतं, आणि उकाड्याच्या रात्री हा खर्च वाढतो. पाण्याची पाळी कितीही चोख दिली तरी रात्र गार करता येत नाही. भाताच्या फुलोऱ्याचंही असंच आहे. फूल उमलण्याच्या त्या थोड्या वेळात पारा ३५ अंशांच्या वर गेला तर तासाभरातही दाणे पोचट राहण्याइतकं नुकसान होऊ शकतं.

दुसरं उदाहरण २०२२ च्या मार्चचं. १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातला तो तोवरचा सर्वांत उष्ण मार्च होता. पंजाब आणि हरियाणातला गहू जवळजवळ सगळा बागायती. पण ऐन दाणे भरताना उष्णतेची लाट आली, पीक घाईघाईने पिकलं आणि दाणे चिमले. १३ मे रोजी सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या शेतकऱ्यांनी पाणी द्यायला आळस केला होता असं कोण म्हणेल?

ऊन आणि अवर्षण एकत्र आले की काय होतं, ते अमेरिकेच्या मका पट्ट्यात २०१२ साली दिसलं. हंगामाच्या सुरुवातीला कृषी खात्याचा अंदाज एकरी १६६ बुशेलचा (धान्य मोजायचं तिथलं माप) होता, हाती आले सुमारे १२३. पावसाने ओढ दिलीच होती, त्यात जुलै भयंकर तापला आणि मका नेमका तेव्हा केसावर होता. तिथल्याच अनेक दशकांच्या आकड्यांवर २००९ मध्ये एक अभ्यास आला होता. त्यात मक्याला २९ अंशांपर्यंत, सोयाबीनला ३० पर्यंत आणि कापसाला ३२ पर्यंतची ऊब मानवते, त्यापुढे उत्पादन झपाट्याने उतरतं, असं दिसलं.

जमिनीबद्दल मागच्या लेखात मी फार त्रोटक लिहिलं, ते आता भरून काढते. कडक उन्हाच्या दुपारी उघड्या जमिनीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. हवा ४० असताना माती ५५ च्या पुढे जाऊ शकते. त्या मातीतून नुकता वर आलेला कोंब मातीला टेकतो तिथेच भाजतो आणि आडवा होतो. शेतकऱ्याला वाटतं बियाणं खोटं निघालं. भारी काळी जमीन सुकताना आकसते, भेगा पडतात आणि त्यात बारीक मुळं ताडकन तुटतात. मग त्याच भेगांतून खालची ओलही उडून जाते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं म्हणतात त्याचं कारण इथेच आहे. वरचा थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात आणि ओल वर चढायची वाट मोडते. आच्छादनाने हेच काम आणखी चांगलं होतं.

भुईमुगाचं तर दुखणंच वेगळं. फूल वर येतं, पण त्यातून निघणारी आरी, जिच्या टोकाला शेंग धरते, ती जमिनीत घुसावी लागते. वरचा थर विटेसारखा कडक झाला की ती टोचत राहते, आत शिरत नाही. जी शिरली तिला शेंग भरताना ताण आणि उष्णता सोसावी लागली, तर दाण्यात विषारी बुरशीचा धोका वाढतो. ही बुरशी वजनकाट्यावर दिसत नाही. खत टाकलं तरी ते ओलीशिवाय मुळाशी पोचत नाही, आणि तापल्या जमिनीवर पसरलेल्या युरियातलं नत्र हवेत उडून जातं. कोरड्या उष्ण हवेत पानांतला रस शोषणारा लाल कोळीही भराभर वाढतो.

आता कामाबद्दल. दादा, तुमचं हे वाक्य मला लागलं, म्हणून सरळ सांगते. मी सावलीत बसून लिहिलं नव्हतं. खुरपणीच्या ओळीत बसलेली असताना मी स्वतः कोसळले आहे. आधी पोटऱ्यांत गोळे आले, मग डोकं ठणकायला लागलं. समोरची ओळ हलल्यासारखी दिसू लागली, तरी मी खुरपं सोडलं नाही, कारण बाकीच्या बायका पुढे सरकत होत्या आणि मागे राहायची लाज वाटत होती. सकाळपासून पाणी जवळजवळ प्यायले नव्हते. का, ते शेतात काम करणारी कुठलीही बाई सांगेल. आडोसा नसतो, म्हणून पाणीच कमी प्यायचं. त्या दिवशी शेजारच्या ओळीतल्या मावशींनी ओढत झाडाखाली नेलं नसतं तर पुढे काय झालं असतं ते मला ठाऊक नाही.

माणसाचं शरीरही पिकासारखंच घामावर गार राहतं. उन्हात जड काम करताना तासाला लिटरभर आणि कधी त्याहूनही जास्त घाम जातो. तो भरून निघाला नाही आणि हे दिवसेंदिवस चाललं तर काय होऊ शकतं, ते एल साल्वादोर आणि निकाराग्वातल्या ऊसतोड मजुरांकडे बघा. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, ऐन तरुण माणसांची मूत्रपिंडं निकामी झाली. कारणांवर अभ्यास चालू आहे, पण उष्णतेतलं कष्टाचं काम आणि पुन्हा पुन्हा पडणारी पाण्याची कमतरता हे त्यातलं मुख्य सूत्र मानलं जातं. तिथे पाणी, विश्रांती आणि सावली यांची शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले. कॅलिफोर्नियाने २००५ सालीच उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी पाणी आणि सावलीचा नियम केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला की २०३० पर्यंत उष्णतेमुळे जगातले २.२ टक्के कामाचे तास वाया जातील आणि त्यातला ६० टक्के वाटा शेतीचा असेल.

शिवाय अवर्षणात काम कमी होतं हा समजही खरा नाही. पीक कमी येतं, राबणूक वाढते. पेरणी मोडून पुन्हा पेरायचं, रात्री पिकाला पाणी द्यायला दारं धरायची, जनावरांना लांबून पाणी आणायचं, दगडासारख्या मातीत खुरपं चालवायचं. फवारणीचं तर नावच नको. दुपारी थेंब पानावर बसायच्या आधीच सुकतात, आणि अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला फडकं हे उन्हात कोणाला सोसत नाही. माणूस ते काढून ठेवतो आणि घामेजलेल्या कातडीवर औषध घेतो. म्हणून मी पहाटे सुरुवात करून उन्हं चढायच्या आत थांबा असं लिहिलं होतं. काम तेवढंच होतं, वेळ तेवढी बदलते.

एका बाबतीत तुमची टीका मी मान्य करते. माझ्या लेखातून ऊन म्हणजे फक्त नुकसान असं चित्र उभं राहिलं. नांगरट करून जमीन उन्हात तापू दिली की हरळी-लव्हाळ्याची मुळं वर येऊन सुकतात, मातीतले किडींचे कोष उघडे पडतात, ढेकळं पहिल्या पावसात आपोआप फुटतात. काढलेलं धान्य कडक उन्हात वाळलं तरच टिकतं. हे मी लिहायला हवं होतं, लेखात आज भर घालते.

आणि एक विनंती. ज्या वर्षी तुमची ज्वारी माना टाकून पुन्हा उभी राहिली, त्या वर्षी ती तेव्हा पोटरीत आली होती की गुडघाभरच होती, आणि शेवटी उतारा कसा पडला, हे आठवत असेल तर इथेच खाली लिहा. तीस वर्षांच्या नोंदी तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे तेवढ्या नाहीत.