दोन वर्षांखालील बाळ प्रतिपिंडे बनवते की नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया परखड आहे आणि काळजीपूर्वक लिहिलेली आहे, म्हणून तिला दोन ओळींत वाटेला लावणे मला योग्य वाटले नाही. दोन वर्षांखालील बाळ न्यूमोकोकसविरुद्ध (न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणाऱ्या जंतूविरुद्ध) प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटणारी संरक्षक प्रथिने, बनवू शकत नाही असे लिहून मी त्याच लेखात सहाव्या आठवड्यापासून लस द्यावी असेही लिहिले, ही विसंगती आपण दाखवली आहे. आईच्या दुधातून प्रतिपिंडे मिळत असताना टोचण्याची घाई कशाला, असेही आपण विचारले आहे. आणि मातीत वाढलेली मुले आपोआप काटक होतात या अनुभवाची मी दखलच घेतली नाही, अशी आपली तक्रार आहे.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. माझे ते वाक्य ढोबळ होते आणि ते मी आज दुरुस्त केले आहे. न्यूमोकोकस नाकात वस्तीला आला की त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात पहिल्या वर्षातच वाढू लागतात. अडचण आहे ती या जंतूभोवतीच्या शर्करेच्या कवचाची. कवचामुळे भक्षक पेशींची जंतूवर पकड बसत नाही; कवचाला चिकटणारी प्रतिपिंडे असली तरच ती पकड नीट बसते. प्रतिपिंडे बनवतात त्या बी पेशी, आणि त्यांना एरवी मदत करतात त्या टी पेशी. परंतु टी पेशी ओळखतात ते प्रथिनांचे तुकडे. त्याच त्या घटकांची साखळी असलेल्या या शर्करेपुढे बी पेशींना त्यांची मदत मिळत नाही. प्रौढांच्या प्लीहेत हे काम एकट्याने करणाऱ्या बी पेशी असतात, बाळाच्या प्लीहेतील तो भाग मात्र साधारण दोन वर्षांपर्यंत अपक्व असतो. म्हणजे बाळाला जमत नाही ते नुसत्या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे बनवणे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा फिनलंडमधला आहे. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी, म्हणजे हिब, या तशाच कवचाच्या जंतूच्या निव्वळ शर्करेची लस तेथे १९७४ साली सुमारे एक लाख मुलांच्या चाचणीत वापरली गेली. दीड वर्षावरील मुलांना संरक्षण मिळाले, त्याखालील मुलांना मिळाले नाही. यावरचा उपाय एका जुन्या प्रयोगात दडलेला होता. शर्करा प्रथिनाला जोडली तर शरीर तिची दखल घेते, हे एव्हरी आणि गोबेल या शास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये १९२९ सालीच दाखवले होते. तो धागा पकडून श्नीरसन आणि रॉबिन्स या अमेरिकेतील संशोधकांनी १९८० साली हिबची संयुग्म लस, म्हणजे शर्करा प्रथिनाला जोडून केलेली लस, मांडली. कवच ओळखणारी बी पेशी शर्करेबरोबर जोडलेले प्रथिनही गिळते, त्याचे तुकडे टी पेशीला दाखवते आणि जी मदत शर्करेच्या नावावर मिळत नव्हती ती प्रथिनाच्या नावावर मिळवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोकोकल लसीतही दहा प्रकारच्या कवचांच्या शर्करा अशाच घटसर्पाच्या विषाच्या निरुपद्रवी रूपाला जोडलेल्या आहेत.

आता दुधाविषयी. स्तनपानाचे महत्त्व मी कमी लेखत नाही, पण दुधातील प्रतिपिंडे प्रामुख्याने घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर काम करतात. मानवी बाळाच्या रक्तात ती जवळपास उतरत नाहीत. (वासराची गोष्ट वेगळी. त्याला गर्भात आईची प्रतिपिंडे मिळत नाहीत, ती चिकातूनच रक्तात जातात, म्हणून पहिला चीक वासराला पाजलाच पाहिजे हा गोठ्यातला आग्रह शास्त्राला धरूनच आहे.) आपल्या बाळाला रक्तातला साठा मिळतो तो वारेतून, मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत, आणि तो साधारण दर तीन-चार आठवड्यांनी निम्मा होत जातो. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला तो मुळातच कमी येतो.

मातीचा मुद्दा मात्र आपण समजता त्यापेक्षा अधिक वजनदार आहे. हिबच्या कवचाशी साम्य असलेले कवच आतड्यातील ई. कोलायच्या एका प्रकाराला असते, आणि तो स्वयंसेवकांना मुद्दाम खायला दिल्यावर त्यांच्या रक्तात हिबविरुद्धची प्रतिपिंडे वाढली, हे १९७५ साली दाखवणाऱ्यांत हेच रॉबिन्स आणि श्नीरसन होते. तेव्हा निसर्गतः मिळणारी प्रतिकारशक्ती खरीच आहे. प्रश्न ती केव्हा मिळते हा आहे. बॉस्टनमध्ये फॉदरगिल आणि राइट यांनी १९३३ साली निरनिराळ्या वयांच्या माणसांचे रक्त हिमोफिलसविरुद्ध तपासले. नवजात बाळांच्या आणि प्रौढांच्या रक्तात जंतू मरत होते; दोन महिने ते तीन वर्षे या वयात ही शक्ती बहुतेक नव्हतीच, आणि या जंतूचा मेंदूज्वर नेमका याच वयात होत होता. लस नसतानाही मुले पुढे काटक झाली, हे खरे. पण आपल्या अनुभवात जी मोजली गेली ती या खिंडीतून पार झालेली मुले आहेत.

राहिली घाई. सहाव्या आठवड्यात आईची प्रतिपिंडे रक्तात असतात आणि ती लसीला मिळणारा प्रतिसाद थोडा दाबतातही, हे खरे आहे. परंतु ती ओसरण्याची वाट पाहून सुरुवात केली, तर पहिल्या डोसनंतर बाळाची स्वतःची प्रतिपिंडे पुरेशी होईपर्यंतचे आठवडे, आणि दुसऱ्या डोसपर्यंतचे महिने, ते संरक्षणाविना काढते. आपल्याकडे सहा आणि चौदा आठवड्यांचे डोस त्यासाठी आहेत, आणि नऊ महिन्यांचा डोस तोवर तयार झालेल्या स्मृतिपेशींना, म्हणजे जंतूची ओळख जपून ठेवणाऱ्या पेशींना, पुन्हा जागे करण्यासाठी.