मिनिमॅप का नाही? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया दिलीत आणि तीही डेमो खेळून दिलीत, याबद्दल मनापासून आभार. उत्तर लांबत गेलं, म्हणून स्वतंत्रच टाकतोय.

बाकीच्यांसाठी संदर्भ: मागच्या लेखात मी एका गेमचा आराखडा मांडला होता. खेळणारा म्हणजे ई. कोलाय हा जिवाणू. नकाशा नाही, बाण नाही, अन्न कुठे आहे ते दिसत नाही. बटणं दोनच: सरळ पोहणं आणि गिरकी. गिरकीनंतर तोंड कुठे वळेल ते खेळणाऱ्याच्या हातात नाही. अन्नाचं प्रमाण वाढत असेल तर स्क्रीन उजळते, जोडीला फोनचं व्हायब्रेशन, बास. यावर तुमचे आक्षेप असे: ही निव्वळ आंधळी कोशिंबीर आहे, कौशल्याला वावच नाही, भरपूर अन्नाच्या जागी पोचून थांबलं की स्क्रीन आपोआप फिकी पडते, हा बग आहे, मेंदू नसलेल्या जिवाणूला मी उगाच आठवण चिकटवली आहे, आणि उपाय म्हणून मिनिमॅप (कोपऱ्यात दिसणारा छोटा नकाशा) द्या, निदान होकायंत्र तरी.

बगपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते अख्खा गेम त्या फिक्या पडण्यावर उभा आहे.

ई. कोलायचे बरेचसे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे रेणू ओळखणारी प्रथिनं, शरीराच्या टोकाशी दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांना जोडलेला चे-ए नावाचा एन्झाइम चे-वाय या छोट्या प्रथिनाला फॉस्फेट देत राहतो. फॉस्फेट मिळालेलं चे-वाय शेपटाच्या मोटरीला जाऊन चिकटलं की मोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, शेपटांची जुडी विस्कटते आणि जिवाणू गिरकी खातो. एरवी मोटर उलट दिशेने फिरते, शेपटं एकत्र वळली जातात आणि पोहणं सरळ चालू राहतं. रिसेप्टरवर ॲस्पार्टेटसारखा खाण्यायोग्य रेणू येऊन बसला की चे-ए मंदावतो, गिरक्या कमी होतात. इथपर्यंत साधं आहे. गंमत पुढे आहे. त्याच वेळी दुसरे दोन एन्झाइम रिसेप्टरवर मिथिल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे) चढवण्याचं आणि उतरवण्याचं काम सावकाश करत असतात. बाहेरचं प्रमाण वाढून तिथेच स्थिरावलं, की मिथिल गट वाढतात आणि चे-ए पुन्हा पूर्वीच्या वेगावर येतो. म्हणजे सगळीकडे सारखंच भरपूर अन्न असेल, तर जिवाणू जवळपास तितक्याच गिरक्या घेतो जितक्या अन्नाचा कण नसताना घेतो. त्याला 'किती आहे' यात रसच नाही, 'वाढतंय का' एवढंच हवंय.

जुनं प्रमाण असं विसरणं, म्हणजेच स्क्रीनचं ते फिकं पडणं, काढून टाकलं तर काय होईल, ते तुम्हीच करून पाहा. डेमोच्या सेटिंगमध्ये 'जुळवून घेणं' बंद करता येतं. स्क्रीन अर्ध्या वाटेतच पांढरीफटक होते आणि पुढचा चढ दिसेनासा होतो. खरा जिवाणू मात्र ॲस्पार्टेटचं प्रमाण लाखपट बदललं तरी त्यातले छोटे फरक टिपत राहतो, आणि तो हे करू शकतो ते सतत विसरत असल्यामुळेच.

आता आठवणीचं. १९७२ साली मॅकनॅब आणि कोशलँड या शास्त्रज्ञांनी एक फार देखणा प्रयोग केला. साल्मोनेला जिवाणू एका द्रावणात होते, ते झटक्यात दुसऱ्या तीव्रतेच्या द्रावणात मिसळले. मिसळल्यावर सगळीकडे तीव्रता एकच, म्हणजे पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे फरक शून्य. तरीही अन्नाचं प्रमाण अचानक वाढलेले जिवाणू काही काळ गिरकी न घेता सरळ पोहत सुटले, आणि घटलेले जागच्या जागी गिरक्या खात राहिले. जागेत फरक नसताना त्यांनी तुलना कशाशी केली? मघाच्या स्थितीशीच. पुढे १९८६ मध्ये ई. कोलायवरच्या मोजमापांतून असं दिसलं, की तो साधारण शेवटच्या एका सेकंदाची तुलना त्याआधीच्या तीन सेकंदांशी करतो. वर सांगितलेले मिथिल गट हीच त्याची वही. मेंदू लागत नाही. स्क्रीनवरची 'मघापेक्षा' वाली चार सेकंदांची खिडकी मी तिथूनच घेतली आहे.

मग पुढच्या आणि मागच्या टोकात फरक बघून थेट बाण का काढू नये? ई. कोलाय जेमतेम दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब. एवढ्याशा अंतरात प्रमाणाचा फरक इतका क्षुल्लक असतो, की येऊन धडकणाऱ्या रेणूंच्या कमी-जास्तीत तो बुडून जातो. पण तोच जिवाणू एका सेकंदात वीसेक मायक्रॉन पोहतो, म्हणजे पोहून आल्यावर तुलना करायला दसपट अंतर मिळतं. ज्याला बाण हवाच आहे त्याच्यासाठी डिक्टिओस्टेलियम हा अमीबा आहे. त्याची पेशी बरीच मोठी, आणि दोन टोकांमधला एक-दोन टक्क्यांचा फरकही तिला कळतो. तो तिसऱ्या लेव्हलमध्ये येणार आहेच. पण त्याला वेग नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

आंधळ्या कोशिंबिरीचा मुद्दा मला मान्य नाही. फासे आधी पडतात की निर्णयानंतर, यावर माझ्या मते सगळं ठरतं. तुम्ही नेम धरून बाण मारला आणि मग फासे टाकून तो लागला की नाही ते ठरवलं, तर खेळणारा चिडणारच. इथे क्रम उलटा आहे. गिरकीने दिशा दिली, आता ती ठेवायची की फेकून द्यायची, आणि किती वेळाने, हे तुमच्या हातात. पहिल्यांदा खेळणारा घाबरून दर अर्ध्या सेकंदाला गिरकी मारतो आणि जागीच राहतो. सरावलेला माणूस उजळत्या स्क्रीनवर बोट रोखून धरायला शिकतो. हे कौशल्य नाही तर काय?

यातही जिवाणूचा एक स्वभाव मी तसाच ठेवला आहे. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी जिवाणूचा माग काढत सरकणारा सूक्ष्मदर्शक वापरून १९७२ मध्येच ही मापं घेतली: सरळ धाव साधारण एक सेकंदाची, गिरकी सेकंदाच्या दहाव्या भागाची, दिशेतला बदल सरासरी ६८ अंशांचा. म्हणजे गिरकीही पूर्ण बेछूट नसते, थोडा कल पुढेच असतो. आणि परिस्थिती सुधारत असेल तर धाव लांबते, पण बिघडत असेल तर फारशी आखूड होत नाही. चुकीच्या दिशेला गेल्याबद्दल शिक्षा नाही! डेमोत लाल रंग कुठेच का नाही, असं तुम्ही विचारलं होतंत, ते याचसाठी.

बोट कायम रोखून धरूनही भागत नाही. पाण्याचे रेणू जिवाणूला सतत ढकलत असतात, आणि दहाएक सेकंदांत त्याचं तोंड काटकोनात वळलेलं असतं. त्याहून जुनी माहिती कामाची नाही, कारण दिशाच बदललेली असते. फार ताजी माहितीही भरवशाची नाही, मोजायला रेणू पुरेसे मिळत नाहीत. या चिमटीत ती चार सेकंदं बसतात. मला हे डिझाइन म्हणून अतिशय आवडतं.

होकायंत्राबद्दल. तुम्ही चुंबकीय जिवाणूंचं उदाहरण दिलंत, ते खरंच आहेत. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं. पोटात लोहखनिजाच्या कणांची माळ असते आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ते सुईसारखे वळतात. मेलेला जिवाणूसुद्धा तसाच वळतो, म्हणजे त्यात जाणण्याचा भाग नाही. आणि ती सुई अन्नाकडे बोट दाखवत नाही. चिखलात वर-खाली जाण्याची एक रेघ तेवढी मिळते, ऑक्सिजन कुठे बेताचा आहे ते चाखूनच शोधावं लागतं. असं होकायंत्र द्यायला माझी ना नाही. तुम्हाला हवंय ते वेगळं आहे, ते जिंकायची जागा दाखवतं.

मागे रेघ उमटू द्या, ही सूचना मात्र उचलतोय, पण जिवाणूसाठी नाही. फायसॅरम हा श्लेष्मकवक, म्हणजे पसरत सरकणारा एक गिळगिळीत, बिनमेंदूचा जीव, सरकताना मागे चिकट थर सोडतो आणि तिथे पुन्हा जायचं टाळतो. डोक्यात नाही, जमिनीवर आठवण. त्याची लेव्हल केली की रेघ येईल.

राहिलं व्हायब्रेशन. तुमच्या फोनवर ते अजिबात जाणवत नाही म्हणालात, आणि तसं असेल तर अर्धा गेम तुम्हाला मिळालेलाच नाही. अँड्रॉइडची आवृत्ती कोणती आणि बॅटरी सेव्हर चालू होता का, एवढं कळवा.