सोलापूरची माती काळी आहे, एवढ्यावरून काय कळतं?

"सोलापूर जिल्हा म्हणजे काळं सोनं. माती जितकी काळी तितकी सुपीक, फक्त पाणी द्या, काहीही पिकेल. मुरमाड रान टाकाऊ. आणि तळ्यातला गाळ टाकला की माळाचंसुद्धा सोनं." अशा अर्थाचा मजकूर उन्हाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. जमीन घ्यायला निघालेले लोक तो प्रमाण मानून इसार देऊन बसतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

"काळी म्हणजे सुपीक." काळेपणा शेणखतासारख्या कुजलेल्या पदार्थांतून आला, असा समज यामागे असतो. पण आपल्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा कमीच निघतो. रंग येतो तो बेसाल्ट खडकातल्या लोह आणि टायटॅनियमयुक्त खनिजांमुळे, शिवाय चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा ह्यूमसमुळे. माती परीक्षणाचा अहवाल हातात घ्या: पालाश (पोटॅश) भरपूर, नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) तोकडे, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर. हे नेहमीचं चित्र आहे. याला सोनं म्हणायचं तर म्हणा, खतं मात्र टाकावीच लागतात.

या मातीची खरी ताकद ओल धरण्यात आहे, आणि ती रंगावर नाही, खोलीवर ठरते. जिल्ह्यात पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, त्यातही सप्टेंबरचा भरवसा मोठा. त्या ओलीवर रब्बी ज्वारी पेरायची आणि पुढे आभाळाकडे न बघता ती काढायची, हे मंगळवेढ्याच्या खोल रानाला जमतं. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. पण हीच माती थंडीत भेगाळते, ओल त्या वाटेने उडते आणि मुळंही तुटतात. म्हणून पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीच्या कोळप्याने (कोळपं म्हणजे ओळींमधली वरची माती हलवणारं अवजार), पाचव्या आठवड्यात अखंड पासेच्या, म्हणजे सलग पात्याच्या, कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करतात. ही तिसरी पाळी तणासाठी नसतेच, भेगा बुजवण्यासाठी असते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं म्हणतात ते याचसाठी.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या वाणांची शिफारससुद्धा खोलीवरच केली आहे. हलक्या, म्हणजे उथळ, रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी ३५-१, भारी, म्हणजे खोल, रानाला फुले वसुधा. एकाच गावात ओढ्याकाठी पुरुषभर माती आणि टेकाडावर वीतभरसुद्धा नाही, असं सर्रास असतं. वरून दोन्ही काळीच दिसतात. तेव्हा व्यवहाराआधी दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते स्वतः बघा. विक्रेता नको म्हणाला, तर त्यातच उत्तर आलं.

"फक्त पाणी द्या." हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. उजनी धरणाच्या कालव्यांमागून ऊस आला, पैसाही आला. पण भारी काळ्या रानातून पाणी फार सावकाश झिरपतं. पाटाने धो धो पाणी दिलं आणि निचऱ्याला वाट ठेवली नाही, की रान चिबड, म्हणजे पाणथळ, होतं, क्षार वर येतात, पांढरा थर दिसू लागतो. सोडियम वाढलं तर जमीन चोपण होते. ओली असताना लोण्यासारखी, वाळली की दगड. मग चर काढा, जिप्सम टाका, हिरवळीचं खत गाडा, वर्षं घालवा. चुनखडीचा त्रास वेगळाच. मातीच्या ढेकळावर पातळ आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर मुक्त चुना आहे. असा चुना जास्त असला की लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही, आणि कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. यालाच शेतकरी केवडा म्हणतो. युरिया टाकून तो जात नाही.

"मुरमाड रान टाकाऊ." डाळिंबाच्या सांगोल्यात जाऊन हे बोलून दाखवा. डाळिंबाला बहर धरताना आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो, पानगळ व्हावी लागते, मग पाणी सोडलं की फुलं एकदम येतात. हलक्या, निचऱ्याच्या रानात हा ताण हुकमी बसतो. खोल काळ्या रानात पाणी तोडलं तरी ओल खालून पुरतच राहते, झाड पानं सोडत नाही, फूल मागेपुढे येतं. शिवाय पाणी साचलं की मररोगाला आमंत्रण. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापुरातच आलं, ते असल्याच रानांमुळे बहरलेल्या पिकासाठी. ठिबक हवं आणि तेल्या या जिवाणूजन्य रोगाशी झुंजावं लागतं, हे खरं. पण रान टाकाऊ नाही. बोर आणि सीताफळही इथे निभावतात. ज्वारी-गव्हाच्या भरघोस पिकाची अपेक्षा मात्र ठेवू नका.

राहिला गाळ. हलक्या रानात त्याने ओल टिकते, तिथे जरूर टाका. सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनाही सुरू केली. भारी रानात टाकाल तर निचरा आणखी बिघडेल. आणि कुठेही टाकण्याआधी गाळातले क्षार व चुनखडी तपासून घ्या, कारण एकदा पसरलेला गाळ परत गोळा करता येत नाही.