मुलीच्या अंगावरून जास्त जातंय? आधी पॅड मोजा

'वयात आली की सुरुवातीला असंच असतं, दोन वर्षांत बसेल घडी.' प्रत्येक घरात ऐकू येणारं हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त नुकसान करतं. त्याच्या भरवशावर मुली आठवीपासून दहावीपर्यंत रक्त गमावत राहतात आणि घरचे 'हल्ली फार चिडचिडी झालीय, अभ्यासात लक्ष नाही' म्हणत बसतात.

खरा भाग आधी. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बऱ्याच महिन्यांत स्त्रीबीज सुटतच नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक एकटंच गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं. ते अस्तर मग एकदम सुटत नाही, तुकड्यातुकड्यानं, केव्हाही गळतं. म्हणून दीड महिना काहीच नाही आणि नंतर दहा दिवस धो धो. या वयात दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. पण तारखा मागेपुढे होणं वेगळं आणि रक्त जास्त जाणं वेगळं. पहिल्यासाठी वाट बघता येते, दुसऱ्यासाठी नाही.

जास्त म्हणजे किती? एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं की ती अति पाळी. घरात कोणी मिलिलिटर मोजत नाही, म्हणून या खुणा बघा: सात दिवसांच्या वर चालणं, तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजणं, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडणं, कपड्यांवर येईल या धास्तीनं शाळा बुडणं. यातली एक जरी खूण महिन्यामागून महिना दिसत असली तरी डॉक्टरकडे जायला पुरेशी आहे.

डॉक्टरकडे 'खूप जातं हो' एवढंच सांगितलं तर ते अंदाजच बांधणार. त्यापेक्षा दोन पाळ्यांची नोंद घेऊन जा. स्त्रीरोगतज्ज्ञ वापरतात ती पद्धत घरी सहज जमते. नुसता डाग पडलेला पॅड १ गुण, मध्यम भिजलेला ५, पूर्ण भिजलेला २०. छोट्या गाठीला १, मोठ्या गाठीला ५. पूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर स्राव जास्त आहे असं धरतात. म्हणजे पाच चिंब पॅड झाले की शंभर झालेच. नोंद मुलीनं स्वतः ठेवावी, मोबाईलमध्ये किंवा वहीच्या शेवटच्या पानावर. आईनं डस्टबिन तपासत फिरू नये. एक खाचखळगा आहे: जेलचे पॅड वरून कोरडे दिसतात, म्हणून वरचा डाग न बघता पॅड किती जड आणि फुगलेला झालाय ते बघा.

आता रोजच्या व्यवहाराचं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकावर एक दोन पॅड लावणं. वरच्या पॅडच्या पाठीला प्लास्टिकचा थर असतो. रक्त त्यातून खाली झिरपत नाही, कडेनं वाहतं आणि खालचा पॅड कोरडाच राहतो. उलट जाडी वाढल्यामुळे पॅड अंगाला नीट चिकटत नाही. दोन लावायचेच असतील तर लांबीला लावा: एक पुढे, दुसरा मागे, मध्ये चार बोटं एकावर एक. त्यापेक्षा ३२० मिलिमीटरच्या आसपासचा लांब, पंखवाला पॅड घ्या आणि वर घट्ट कापडी निकर. सैल निकरमध्ये कितीही महागडा पॅड सरकतोच.

रात्री डाग बहुतेक वेळा मागच्या बाजूला पडतो, कारण उताणं झोपल्यावर रक्त ढुंगणाच्या घळीतून मागे उतरतं. जड दिवसांना बाळंतिणीचे पॅड किंवा चड्डीसारखे मिळणारे पॅड चक्क वापरावेत, लाजण्यासारखं त्यात काही नाही. गादीवर आधी मेणकापड, त्यावर गडद रंगाचा जुना टॉवेल. सकाळी उठल्या उठल्या धबधबा सुटतो तो रात्रभर योनीत साठलेल्या रक्ताचा. मुलगी घाबरते, म्हणून हे आधीच सांगून ठेवा, आणि तिला पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग थेट बाथरूममध्ये जायला सांगा. झटकन उभी राहिली तर चक्करही येते.

शाळेच्या दप्तरात एक काळी झिपची पिशवी: तीन पॅड, एक निकर, दोन कागदी पिशव्या, ओले टिश्यू. घरून निघताना पॅड नवा हवा, आणि भिजला असो वा नसो, चार तासांच्या आत बदलायचा. पाणी कमी पिऊन शाळेचं बाथरूम टाळणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. त्यानं स्राव कमी होत नाही, डोकं मात्र दुखतं आणि लघवीला जळजळ सुरू होते. वर्गशिक्षिकेला 'हिला विचारताक्षणी बाहेर सोडा' एवढी चिठ्ठी दिली तरी निम्मा ताण उतरतो. गणवेशावरचा डाग थंड पाण्यातच धुवा. गरम पाण्यानं रक्तातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. पांढऱ्या कापडाला औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं लावलं की फेस येऊन डाग सुटतो.

डॉक्टरकडे न जाण्याचं खरं कारण बहुतेकदा एक भीती असते: 'लग्न न झालेली मुलगी, आतून तपासतील.' या वयात सहसा त्याची गरजच पडत नाही. सोनोग्राफी पोटावरून, लघवी भरून ठेवून होते. डॉक्टर गरोदरपणाची चाचणी करायला सांगतील, तो नियमाचा भाग आहे, राग मानू नका. सोनोग्राफीच्या कागदावर 'पीसीओडी' (अंडाशयात बारीक बीजकोष साठण्याचा, संप्रेरकांचा विकार) लिहून आलं तर लगेच धसका घेऊ नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत नुसत्या सोनोग्राफीवरून ते निदान करू नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण या वयातल्या निरोगी अंडाशयातही पुष्कळ बारीक बीजकोष दिसतात.

आणि जे सर्वात कमी विचारलं जातं ते: हा आजार गर्भाशयाचा नसून रक्ताचा असू शकतो. रक्त गोठण्यात जन्मजात दोष असलेल्या मुलीची पहिली ठळक खूण अनेकदा पाळीच असते. सर्वात जास्त आढळतो तो व्हॉन विलेब्रँड आजार, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारा त्याच नावाचा घटक कमी असणं किंवा नीट काम न करणं. तुम्हीच आठवून बघा: नाकातून रक्त येऊन दहा मिनिटांत थांबत नाही का? ब्रश करताना हिरड्या फुटतात का? न लागता निळे-जांभळे डाग उठतात का? दाढ काढल्यावर रात्रभर बोळा धरावा लागला होता का? आई, मावशी, आत्या यांना बाळंतपणात किंवा पाळीत फार गेलं का? आपल्याकडे मामेभावंडांची लग्नं होतात, तिथे यातले काही आजार तीव्र स्वरूपात येण्याची शक्यता वाढते, म्हणून नात्यात लग्न झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. 'आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं' हे वाक्य दिलासा म्हणून म्हटलं जातं. डॉक्टरच्या कानाला ती धोक्याची घंटा वाटली पाहिजे.

तपासण्यांमध्ये सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) हे किमान. वरच्या प्रश्नांना 'हो' आलं तर गोठण्याच्या चाचण्या आणि व्हॉन विलेब्रँड घटकाची पातळी. पीटी, एपीटीटी या गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या नॉर्मल आल्या म्हणून हा आजार नाही असं होत नाही. ताप आणि ताणतणावात हा घटक तात्पुरता वाढतो, त्यामुळे एकदा नॉर्मल आला तरी शंका असल्यास परत करावा लागतो.

औषधांबद्दल. ॲस्पिरिन अजिबात नाही. मेफेनॅमिक ॲसिडनं दुखणं आणि स्राव दोन्ही काहीसं कमी होतं, पण गोठण्याच्या दोषाची शंका असेल तर तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि कधीही उपाशीपोटी नाही. ट्रानेक्झामिक ॲसिड गुठळी टिकवून धरतं, रक्त कमी करतं. ते फक्त जास्त स्रावाच्या दिवसांत, जास्तीत जास्त पाच दिवस, डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत. घरात कोणाला कमी वयात पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर आधी सांगायचं. संप्रेरकांच्या गोळ्यांना 'गर्भनिरोधक' म्हणतात म्हणून आई-वडील दचकतात. इथे त्या अस्तर पातळ ठेवायला दिलेल्या असतात, आणि पुढे मूल होण्यात त्यानं अडथळा येत नाही. दृष्टीपुढे झगमगाट येऊन सुरू होणारी अर्धशिशी असेल तर मात्र इस्ट्रोजेनची गोळी चालत नाही, हे लपवू नका.

गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी शेजारणीकडून आणून स्राव थांबवायला मुलीला देऊ नका. ती बंद केली की दोन-तीन दिवसांत पुन्हा सुरू होतं, कधी आधीपेक्षा जोरात. थांबवायचीही पद्धत असते, आणि ती डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आता लोह, कारण खरी गळती तिथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्यात ही पाळी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, पण साठा त्याच्या बराच आधी आटतो. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे कोठार रिकामं. ३० च्या खालीही बरेच डॉक्टर उपचार सुरू करतात. मुलगी पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ खात असेल तर रागावू नका, तपासा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह) प्रतिबंधासाठी आहे, एवढी गळती ती भरून काढत नाही. दुकानातून गोळी घेताना पाकिटावर मोठ्या अक्षरातला आकडा न बघता 'एलिमेंटल आयर्न' (प्रत्यक्ष लोह) किती ते वाचा. लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यात दोन तासांचं अंतर, थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचं. मळमळलं तर रात्री जेवणानंतर चालेल, पण सोडू नका. शौच काळी होते, घाबरू नये.

बीट, खजूर, गूळ खाऊ द्या, पण त्यानं हिमोग्लोबिन वाढण्याची वाट बघत परीक्षा येईल. चालत असेल तर कलेजी, नाहीतर अळिवाचे लाडू आणि लोखंडी कढईतली आमटी हे जास्त कामाचं, तेही गोळीच्या जोडीला. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान एक अंकानं वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी पोटात जात नाहीय, पचत नाहीय किंवा रक्त अजून तेवढंच जातंय. आकडा नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची असते. ती थांबवण्याची घाई इथेच होते.

सलग दोन-तीन तास तासाला एक पॅड भिजतोय, उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येते, बसल्या जागी छाती धडधडते, ओठ पांढरेफटक दिसतात, दोन जिने चढून दम लागतो, यातलं काही दिसलं की अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, गरज पडली तर १०८ ला फोन करा. वाटेत चक्कर आली तर तिला आडवी करा, पाय वर ठेवा. वहीतली नोंद आणि आतापर्यंत दिलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर असू द्या.