देवीला फ्लॉवर चालतोय

दसऱ्याला घटातले कोंब टोपीत खोवायची आपल्याकडं पद्धत आहे, त्याला माझी काही हरकत नाही. पण ते कोंब आपलेच, आपणच मोजून पेरलेले, आणि ते आपल्यालाच प्रसाद म्हणून मिळाले, वर त्यासाठी वाकून नमस्कारही करावा लागला, तर माणसानं करायचं काय?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या कंपूत कागलकडचे एक शेतकरी आहेत. यंदा त्यांनी हायब्रीड फ्लॉवरचं बी आणलं, त्यातलं चिमूटभर कागदाच्या पुडीत बांधून मला दिलं. "मास्तर, 60 हैत. मोजून घ्या." मी 33 वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळं खरंच मोजलं. 59 निघालं. बोललो नाही. फ्लॉवरचं बी म्हणजे मोहरीचं धाकटं भावंड, ग्रॅमभरात तीनशेच्या आसपास बसतं. एखादं नखात अडकलं असेल त्यांच्या.

गणपती गेले, पाऊस ओसरला की हाच मोका असतो. आत्ता रोप टाकलं की महिन्याभरात लावणीला येतं आणि थंडीत गड्डा धरतं. जात मात्र हंगामाची हवी, नाहीतर लिंबाएवढा गड्डा येऊन तिथंच थांबतो. थर्माकोलच्या खोक्याच्या बुडाला मी भोकं पाडली. पोयट्याची माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू सारख्या मापानं घेऊन पिठाच्या चाळणीनं चाळली. (ती चाळण आता स्वयंपाकघरात परत घेतली जात नाही.) नखभर खोल, बोटाबोटाच्या अंतरावर 59 बिया. खोक्याच्या कडेनं जागा उरली, तिथं धने. एका धन्यात दोन बिया असतात, त्या सुट्या कराव्या लागतात, आणि त्यासाठी चपलेसारखं अवजार नाही. मी कोल्हापुरी पायात घालून गच्चीच्या फरशीवर धने रगडले. शेवटी आइस्क्रीमच्या काडीवर 'फ्लॉवर 59' असं लिहून काडी मधोमध रोवली.

"अवसेला कुणी पेरतं का? पक्ष संपू दे की," बायको म्हणाली.

"बियांना पंचांग वाचता येत नाही," मी म्हणालो. वाक्य चांगलं होतं. महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला वर गेलो, तर खोका जागच्या जागी आणि आत काही नाही. सांडलवंड नाही, मांजरानं उकरल्याची खूण नाही, कुणीतरी हातानं निपटून नेल्यासारखा स्वच्छ. शेजारी कठड्यावर माझी काडी नीट ठेवलेली. फ्लॉवर 59.

जिन्यात मातीचा माग होता. तो खालच्या मजल्यावर, आक्कांच्या दारात संपला. आत उदबत्तीचा वास. घटस्थापना!

"ती माती व्हय? मी नेली की. घटाला."

"आक्का, त्यात बी पेरलेलं होतं."

"आसू दे की. घटात बी पेरत्यातच."

"फ्लॉवरचं होतं हो."

आक्कांनी क्षणभर विचार केला. "मग काय झालं? देवीला फ्लॉवर चालतोय. कांदा-लसूण न्हाई न्हवं त्यात?"

"नाही. थोडे धने आहेत."

"मग तर शुभच की! लक्ष्मीच्या पूजेला धनंच लागत्यात."

चपलेचं मी बोललो नाही. तोंडाशी आलेलं गिळलं. "पण मला विचारायचं तरी."

"विचारायला आलो व्हतो पहाटं. तुमचं दार बंद. कशाला झोपमोड? आणि मला वाटलं टाकून दिलीया माती."

"टाकून द्यायची माती कोण चाळून ठेवतं?"

"तेच म्हणतोय मी! यवढी चाळून ठेवलीसा, म्हटलं देवीसाठीच आसंल."

टाकून दिलेली आणि देवीसाठी चाळून ठेवलेली, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. पण भूमितीची सिद्धता उदबत्तीच्या धुरात टिकत नाही. पत्रावळीवर माझी माती पसरलेली, त्यात शाळू आणि गहू टाकलेला, मधे कलश, वर विड्याच्या पानांची पहिली माळ. मी शेवटचा प्रयत्न केला. "कलश जरा उचलला तर मी माती..."

"घट बसला, मास्तर! बसल्याला घट हलवत्यात व्हय? शिकल्याल्या माणसानं आसं बोलू ने." मग जरा मवाळ होऊन, "तुमची काडी काढून ठेवली हाय वर. दुसऱ्याची वस्तू मी ठेवून घेत न्हाई."

हे त्या मनापासून बोलल्या. राग त्याचाच जास्त आला.

आता हसू बाजूला ठेवून बोलतो. घटाची माती आदल्या दिवशी बाजारात ढिगानं विकायला असते. आक्कांना तीन गाळ्यांचं भाडं येतं, मातीचं पुडकं परवडत नाही अशातला भाग नाही. पण आमच्याकडं गच्ची सामायिक, म्हणून गच्चीवरचं सगळंच सामायिक. माझा दोरीवरचा टॉवेल, माझी कुंडी, माझी शिडी. टाकी गळायला लागली की मात्र ती एकट्या मास्तरची. वर्षभर हे चालतं. आणि भांडायला जावं तर समोरचा एक शब्द उच्चारतो, देवीचं, आणि आपण चोर ठरतो. असो.

इकडं रंकाळ्यावर रोज विचारणा. "मास्तर, उगवलं काय?" आता काय सांगणार, शेजारणीच्या देवघरात उगवायलंय म्हणून? मी चौथ्या माळेपासून आक्कांकडं दर्शनाला जायला लागलो. हात जोडायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि मोजायचं. शाळू-गव्हाच्या पात्यांमधून मोहरीसारखी दोन-दोन दलं वर आली होती. पाचव्या माळेला 41. भागिले 59, म्हणजे 69 टक्के. घटात बियाण्याची परीक्षाच होते असं जुनी माणसं सांगतात. माझ्या बियाण्याची झाली. फक्त निकाल दुसऱ्याच्या घरी लागला. उजेड नाही म्हणून दांडे पिवळट, लांबुळके व्हायला लागले होते. "खिडकी जरा उघडली तर," मी म्हणालो. "घटाला ऊन लागू देत न्हाईत," आक्का म्हणाल्या.

त्याच दिवशी ललिता पंचमी. अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कोहळा फोडतात आणि त्याच्या तुकड्यासाठी अशी झुंबड उडते की विचारू नका. एरवी बाजारात कोहळ्याकडं कोण ढुंकून बघतं? या गावात भाजीला मान हवा असेल तर तिनं देवीच्या वाटेनंच जावं. माझा फ्लॉवर शहाणा म्हणायचा.

नवव्या माळेला सकाळी सकाळी आक्कांची हाक. खाली गेलो तर गल्लीतल्या पाच-सहा बायका देवघरासमोर दाटीवाटीनं बसलेल्या. घटाच्या कडेला लांबट दलांचे हिरवे कोंब आले होते.

"कोथमीर!" आक्का म्हणाल्या. "मी टाकली न्हाई. देवीनं आपल्या हातानं लावलीया."

"आक्का, मी सांगितलं होतं, धने..."

"पाया पडा, मास्तर."

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. मी नेमका कशाला नमस्कार करतोय हे त्या खोलीत फक्त मला आणि माझ्या कोल्हापुरीला माहीत होतं. खंडेनवमीला घरी खुरप्याची पूजा केली. वर्षात पहिल्यांदा ते इतकं चकचकीत होतं. काम कुठं होतं त्याला?

दसऱ्याला घट उठला. रोपं अलगद काढून द्या म्हणायला मी वेळेवर पोचलो होतो, पण आक्कांनी तोवर मूठभर कोंब उपटले होते. त्यातला झुबका त्यांनी माझ्या टोपीत खोवला, आपट्याचं पान हातात दिलं आणि म्हणाल्या, "सोन्यासारखं ऱ्हावा. औंदा घट लई भारी आला बघा, तुमच्या हाताला गुण हाय." इतकं गोड बोलल्यावर भांडण कुठून उकरून काढायचं?

दसरा चौकात गर्दीत उभा होतो तेव्हा कंपूतले कागलकर भेटले. सोनं दिलं-घेतलं. त्यांनी माझ्या टोपीकडं निरखून बघितलं. शेतकऱ्याची नजर ती.

"मास्तर, हे फ्लॉवर न्हवं?"

"प्रसाद आहे," मी म्हणालो.

घरी येऊन टोपी दिव्याखाली धरली. शाळूची सात पाती, कोथिंबिरीचा एक कोंब, फ्लॉवरची तीन रोपं. दोघांची मुळं बऱ्यापैकी शाबूत. कान तुटलेल्या चहाच्या कपात माती घालून तिन्ही लावली, काडीवरचं 59 खोडून 3 केलं. सकाळी एक आडवं पडलं होतं. उरलेल्या दोघांबद्दल मी अजून कुणाला बोललेलो नाही. जिन्यात आक्कांच्या पायांचा आवाज आला की कप पडद्यामागं सरकवतो.