सात मजले आणि एक फणस

आईने मला लग्नात चार बांगड्या, एक पैठणी आणि भांडण दिलं. बांगड्या मोडून झाल्या, पैठणीला कसर लागली. भांडण अजून नव्यासारखं आहे. लालबागच्या चाळीत नळाला पहाटे तासभर पाणी यायचं आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं पिंप आधी भरायचं. आई आमचं पिंप तर भरायचीच, वर उरलेल्या आवाजात शेजारणीची बादलीही भरून द्यायची. पुढे लग्नही दोन गल्ल्या सोडूनच झालं, त्यामुळे हत्यार गंजायची वेळ कधी आली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगची लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये थांबली आणि तिथेच राहिली. मेकॅनिकने मान वर करून पाहिलं, च्यक् केलं आणि निघून गेला. वॉचमनने पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं, ‘लिफ्ट बंध आहे’. लिफ्ट जुनी झालीय, नवीनच बसवावी लागेल, दोन-अडीच महिने जातील, असं सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं आणि खाली हात जोडल्याची दोन चित्रं. मी सातव्या मजल्यावर राहते. सेक्रेटरी पहिल्या.

भांडणाला याहून सुपीक जमीन मिळायची नाही.

मी पेरणीला लागले. आमच्या राज्यात लिफ्टचा स्वतंत्र कायदा आहे. आधी १९३९ चा होता, आता २०१७ चा. लिफ्ट बसवायला परवानगी लागते आणि बसवल्यावर चालवायला लायसन वेगळं. हे सगळं मी रात्री दीडपर्यंत जागून वाचलं, कारण भांडताना एखादं साल फेकलं की समोरचा गांगरतो. वाचता वाचता कळलं की सरकारी मराठीत लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात. संस्कृतात ‘उद्वाह’ म्हणजे लग्न. अर्थात, मध्येच अडकल्यावर बटणं दाबत बसणं दोन्हीकडे सारखंच. हे मी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, “झोप.”

मुद्दे तयार झाले. सिंकिंग फंडात पैसे होते तर लिफ्ट बंद पडायची वाट का पाहिली, तीन कोटेशनं मागवली का, ‘बंद’मधला द ध कसा झाला, असे एकूण अकरा. पण भांडण होईना. सकाळी सव्वाआठला मी पायऱ्या उतरत पहिल्या मजल्यावर यायचे तेव्हा माझ्याकडे भरपूर दम असायचा, पण सेक्रेटरींच्या दाराला कुलूप. संध्याकाळी मी वर चढताना ते नेमके जिन्यात भेटायचे आणि तेव्हा माझ्याकडे दम नसायचा. “अहो सेक्रेटरीसाहेब, मला जरा…” इथपर्यंत यायचं, पुढे फक्त भाता. ते कठड्याला टेकून नम्रपणे थांबायचे, मग म्हणायचे, “सावकाश, वहिनी, सावकाश,” आणि निघून जायचे. माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या वेळा नि इतक्या स्वस्तात हरवलेलं नाही.

आमच्याकडे मजल्यामागे अठरा पायऱ्या. सात मजल्यांच्या एकशे सव्वीस. घारापुरीला लेण्यांपर्यंत चढून जायला एकशे वीस आहेत म्हणतात. तिथे निदान दोन्ही बाजूंना टोप्या-माळांची दुकानं असतात, मक्याचं कणीस मिळतं, माकडं असतात आणि वर पोचल्यावर त्रिमूर्ती. माझ्या वरच्या त्रिमूर्तीतली एक मूर्ती टीव्हीसमोर, एक मोबाईलमध्ये आणि सासूबाई दारातच विचारायच्या, “आज उशीर?”

चढताना फक्त छाती बोलते. खरं दुखणं उतरण्याचं असतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीर पेलून धरतात, त्याचा सूड ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवतात. त्या आठवड्यात मी ऑफिसात खुर्चीवर बसत नव्हते, पडत होते. एक सहकारी म्हणाली, जिम लावलीस का गं? मी हो म्हटलं.

तिसरा मजला हे माझं पहिलं स्टेशन. नाइलाज होता, कारण त्या मजल्यावरच्या वहिनींशी माझं नऊ वर्षं बोलणं नाही. माझ्या तुळशीला घातलेलं पाणी मधले तीन मजले सोडून नेमकं त्यांच्या वाळत घातलेल्या साडीवर पडतं, असा त्यांचा आरोप होता. मी त्यांना न्यूटन समजावला होता, त्यांनी मला माझी आई समजावली होती. आता रोज सहा चाळीसला मी त्यांच्याच चपलांच्या स्टँडला धरून उभी. पहिले चार दिवस त्यांनी जाळीच्या दारातून बघितलं. पाचव्या दिवशी दार उघडून तांब्या पुढे केला. तोंडातून शब्द नाही. मीही पाणी प्यायले, तांब्या परत दिला, शब्द नाही. मला बोलताच येत नव्हतं. त्यांचं काय होतं ते त्यांनाच माहीत. पुढल्या सोमवारी तांब्याशेजारी एक प्लास्टिकचा स्टूल आला.

आणि मग मे महिन्यात फणस आला.

सासूबाईंच्या भावाने कणकवलीहून ट्रॅव्हल्सच्या गाडीत घालून पाठवला. अकरा किलो. टॅक्सीवाल्याने तो गेटपाशी ठेवला आणि माझ्याकडे कीव करून बघितलं. वॉचमनचा गुडघा सुजलेला, नवरा ठाण्याला, मुलगा क्लासला. मी फोन काढला. कुणाकुणाला फैलावर घ्यायचं याची यादी मनात आपोआप तयार झाली: मामा, नवरा, सेक्रेटरी, लिफ्टवाले, शिवाय फणस ही जात. मग वर सात मजल्यांकडे बघितलं आणि फोन पर्समध्ये टाकला. भांडून संपल्यावरही फणस खालीच असणार होता.

गोणपाटात गुंडाळून मी तो कमरेवर घेतला. दुसऱ्या मजल्यावर तो खांद्यावर गेला, कारण काटे पोटात शिरत होते. तिसऱ्यावर स्टूल होता, पण बसले असते तर उठले नसते. चौथ्यावर मी तो सरळ डोक्यावर ठेवला आणि तेव्हा बाबा आठवले.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात बाबाही होते. घोषणा देताना त्यांचा आवाज आईपेक्षा मोठा होता, असं आई स्वतः सांगायची. गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. मग बाबा पहाटे भायखळ्याच्या मार्केटातून डोक्यावर टोपली घेऊन यायचे आणि नाक्यावर भाजी विकायचे. रस्त्यात कुणी धक्का दिला, कुणी शिवी घातली, तरी बाबा काही बोलत नसत. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. एकदा विचारलंसुद्धा. ते म्हणाले, “मान हलली की टोमॅटो पडतात.”

चौथ्या ते पाचव्यामध्ये मी मान हलवली नाही. फणसाचा चीक कानामागून उतरत होता, घामाबरोबर. सहाव्याच्या वळणावर वरून पावलं वाजली. सेक्रेटरी. घामाने निथळलेले, पायजमा ढोपरापर्यंत दुमडलेला, हातात पाना. अकरा मुद्दे माझ्या जिभेवर आले आणि फणसाखाली दबले.

ते थांबले. माझ्याकडे, मग माझ्या डोक्यावर बघितलं.

“कापा की बरका?”

“बरका,” मी म्हटलं. एवढाच श्वास शिल्लक होता.

“अरेरे,” ते अगदी मनापासून म्हणाले आणि फणसाची एक बाजू धरली. बरक्याला अरेरे म्हणणाऱ्या माणसाशी एरवी मी तासभर भांडले असते. पण उरलेल्या पायऱ्या दोघांनी मिळून चढताना कळलं की गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक एप्रिलपासूनच बिघडलाय. वॉचमनला चढवत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ वर जाऊन व्हॉल्व्ह हेच फिरवतात. सकाळी सव्वाआठला दाराला कुलूप का असतं, ते कळलं. मी एकदा चढायचे, ते दोनदा, माझ्यापेक्षा एक मजला वर, आणि त्यांचं वय अडुसष्ट. ग्रुपवर कधी टाकलं नाही का, विचारलं. म्हणाले, “टाकलं असतं तर मीटिंग घ्यावी लागली असती.”

संध्याकाळी गरे काढायला घेतले. मामांच्या नावाने दोन शब्द बोलायचे राहून गेले होते, तेही हाताला तेल लावता लावता विसरले. मुलाबरोबर एक डबा पहिल्यावर पाठवला, एक तिसऱ्यावर. तिसऱ्यावरून डबा रिकामा परत आला नाही. आत आंबोळ्या होत्या. आठळ्या सासूबाईंनी कुणालाच दिल्या नाहीत.

जुलैत लिफ्ट आली. तपासणी झाली, लायसन आलं, नारळ फुटला. आतून चकचकीत, आरसा, मजल्यांचे लाल आकडे, आणि एक बाई गोड आवाजात इंग्रजीत दारं बंद होत असल्याचं सांगते. मी तळमजल्यावर शिरले, मागून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शिरल्या. दोघी आकड्यांकडे बघत उभ्या राहिलो. इतक्या जवळ आम्ही जिन्यात कधी उभ्या नव्हतो, आणि बोलायला काही सुचेना. दम तर दोघींकडे भरपूर होता.

तिसऱ्यावर दार उघडलं. वहिनी उतरल्या. मीही उतरले. पिशवीत अर्धा किलो गवार होती आणि स्टूल अजून तिथेच होता.